घट्ट आवळूनही ट्रायपॉडचा पाय खाली बसतो, तेव्हा

गेल्या हिवाळ्यात पन्हाळ्यावर ध्रुवताऱ्याभोवतीच्या तारारेषा (तारे सरकताना फोटोत उमटणाऱ्या गोल रेषा) टिपत होते. तीस-तीस सेकंदांचे फोटो, एकामागून एक, जवळजवळ दोन तास. घरी येऊन ते एकत्र जोडले, तर प्रत्येक रेषेला अगदी एकाच जागी पायरी पडलेली. कॅमेऱ्याला कोणी हात लावला नव्हता, वाराही नव्हता. तीनही पाय मोजले, तेव्हा एकाचा वरचा सांधा ३ मि.मी. आत गेलेला सापडला. निघण्यापूर्वी तोच सांधा मी दोन्ही हातांनी आवळला होता.

हा ट्रायपॉड मी स्वतः बनवलाय. कोल्हापुरात पाईप आणि लेथ दोन्ही हाताशी आहेत, त्यामुळे धाडस झालं. पाय बसण्याचा हा त्रास मी चार वेळा "दुरुस्त" केला आणि चारही वेळा तो परत आला. शेवटी खरं कारण सापडलं, ते अशा जागी होतं जिथे मी बघतच नव्हते. घरी पाय बनवणाऱ्यांना आणि विकतच्या ट्रायपॉडचा पाय सरकतो म्हणून वैतागलेल्यांनाही उपयोग होईल, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आधी रचना सांगते. तीन नळ्या एकात एक: सव्वा इंच, एक इंच, पाऊण इंच. मिलिमीटरमध्ये ३१.७५, २५.४ आणि १९.०५. तिन्हींची जाडी १.५ मि.मी. हे माप निवडण्याचं कारण असं, की प्रत्येक टप्प्याला दोन सुतांचा फरक असल्यामुळे दोन्ही सांध्यांत नळ्यांमधली मोकळी जागा सारखीच राहते, प्रत्येक बाजूला १.६७५ मि.मी. म्हणजे दोन्हीकडे एकाच जाडीचं बूश (नळ्यांमधली जागा भरणारी प्लास्टिकची कडी) चालतं. प्रत्येक सांध्यात तीन वस्तू आहेत. बाहेरच्या नळीच्या तोंडावर इपॉक्सीने चिकटवलेली आट्यांची कॉलर, तिच्यावर फिरणारा नट, आणि या दोघांच्या मधे चीर दिलेली प्लास्टिकची स्लीव्ह. स्लीव्हची बाहेरची बाजू निमुळती, म्हणजे टेपरची. नट फिरवला की स्लीव्ह टेपरमध्ये दाबली जाते, आकसते आणि आतली नळी धरते. याशिवाय आतल्या नळीच्या वरच्या टोकाला एक बूश असतं. ते बाहेरच्या नळीत वरखाली सरकतं आणि नळी मधोमध ठेवतं.

(आटे थेट नळीवर पाडू नका. १.५ मि.मी. पिचच्या (पिच म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर) आट्याची खोलीच ०.९ मि.मी.च्या आसपास असते. नळीची भिंत मग ०.६ उरते आणि पहिल्याच धक्क्याला तिथे चीर जाते. कॉलर वेगळीच करा.)

नेमकं काय सरकतंय ते आधी बघा

"पाय सरकतो" म्हणजे आतली नळी स्लीव्हमधून सरकते, असं आपण गृहीत धरतो. तसंच असेल असं नाही. कॉलरचा इपॉक्सी सुटलेला असू शकतो, आणि मग नळी, नट, कॉलर असं सगळं एकत्र वर चढतं. म्हणून बारीक मार्करने दोन रेघा मारा. एक आतल्या नळीवर, नटाच्या खालच्या कडेला लागून. दुसरी कॉलर आणि बाहेरची नळी दोन्हींवरून जाणारी. मग भार द्या. जी रेघ मोडेल तिथे दोष. माझ्या एका पायात खरोखरच कॉलर सुटली होती, आणि मी महिनाभर बिचाऱ्या स्लीव्हला दोष देत बसले होते. चिकटवताना ॲल्युमिनिअम खरखरीत पेपरने घासलं नव्हतं, नुसतं पुसलं होतं. घासून, स्पिरिटने साफ करून, पुन्हा चिकटवून चोवीस तास ठेवलं, तेव्हापासून ती कॉलर हललेली नाही.

भार कसा द्यायचा? घरातला वजनकाटा घ्या. ट्रायपॉडचं डोकं (कॅमेरा बसतो तो वरचा भाग) काढून एकच पाय काट्यावर उभा धरा आणि वरून सरळ खाली दाबत जा. सरकला त्या क्षणी काट्यावर किती आकडा होता, तो लिहून ठेवा. प्रत्येक सांध्याची वेगळी नोंद करा. एक सांधा तपासताना दुसरा पूर्ण आत घालून ठेवा. या पाच मिनिटांच्या चाचणीने माझा सगळा अंदाजपंचे कारभार संपला.

किती आकडा हवा? माझा कॅमेरा, लेन्स आणि डोकं मिळून ४ किलो. पाय उभ्या रेषेपासून साधारण २३ अंश फाकलेले, म्हणजे एका पायावर त्याच्या लांबीच्या दिशेने जेमतेम दीड किलो येतो. एवढ्यावर कुठलाही पाय बसू नये. पण आपण लेन्स फिरवताना, चढावर उठताना ट्रायपॉडवर हात टेकतो, आणि तो भार बहुतेक वेळा एकाच पायावर जातो. म्हणून मी प्रत्येक सांध्याला २० किलोची अट ठेवली. पन्हाळ्यावर बसलेल्या त्या सांध्याने काट्यावर ६ किलोला हात टेकले.

अर्ध्या फेऱ्यात फक्त ०.१ मि.मी.

सगळं कोडं या एका आकड्यात आहे, म्हणून इथे जरा थांबते. नटाचा पिच १.५ मि.मी. आहे. हाताने एका दमात आपण नट साधारण अर्धा फेरा फिरवतो, म्हणजे तो ०.७५ मि.मी. पुढे जातो. टेपर एका बाजूला ८ अंशांचा असेल, तर तेवढ्यात स्लीव्ह प्रत्येक बाजूने फक्त ०.१ मि.मी. आकसते. बस्स. पकड येण्याआधी जो जो सैलपणा असेल, तो सगळा या ०.१ मधून वजा होतो.

माझा पहिला टेपर ४ अंशांचा होता. कोन जितका बारीक तितकी पाचर घट्ट, असा माझा विचार होता, आणि तो चुकीचाही नाही. पण ४ अंशांत अर्ध्या फेऱ्याला मिळतात फक्त ०.०५ मि.मी. स्लीव्हचं भोक २५.६ चं केलं होतं, नळी २५.४ ची. नुसती नळीला टेकायलाच स्लीव्हला पूर्ण एक फेरा लागत होता. वर तो बारीक टेपर एकदा बसला की सुटायचा नाही, रबरी हातोडीने ठोकून काढावा लागायचा.

"पण नट तर हाताला घट्ट लागत होता!" हे मीही म्हणत होते. नट जड लागणं आणि पकड येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ॲल्युमिनिअमचा नट ॲल्युमिनिअमच्या आट्यांवर कोरडा फिरला की आटे एकमेकांना खातात, आणि नळीला स्पर्शही न होता नट जड होतो. तपासायला सोपं आहे. आतली नळी आणि स्लीव्ह पूर्ण काढून नट रिकामाच फिरवून बघा. तेव्हाही जड लागत असेल, तर तुमच्या मनगटाची ताकद आट्यांतच जिरतेय. आटे टूथब्रशने धुवा आणि ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. फक्त आट्यांना.

या "फक्त" वर मी जोर देते, कारण माझी दुसरी दुरुस्ती इथेच फसली. जड नटावर मी स्प्रेचं तेल मारलं. नट लोण्यासारखा फिरायला लागला, आणि दोन दिवसांत तेल पसरून स्लीव्हच्या आत पोहोचलं. पाय आधीपेक्षा वाईट बसायला लागला. अशा तेलकट स्लीव्हवर कितीही आवळलं तरी उपयोग नाही. भांडी घासायच्या साबणाने कोमट पाण्यात स्लीव्ह आणि नळी दोन्ही धुवा, पूर्ण वाळवा, वाटल्यास शेवटी स्पिरिटने पुसा. विकतच्या ट्रायपॉडचा पाय "सर्व्हिसिंग केल्यापासून" सरकायला लागला असेल, तर माझा पहिला संशय तेलावरच जाईल.

तिसऱ्या वेळी स्लीव्हच्या आत सायकलच्या ट्यूबची पट्टी लावली. पकड छान आली, पण रबर भाराखाली तिरकं होत राहतं. वीस मिनिटांत पाय मिलिमीटरभर खाली, भार काढला की थोडा परत वर. पक्ष्यांच्या फोटोला चालून जाईल, तारारेषांना नाही.

मधे थंडीवरही संशय घेऊन झाला. संध्याकाळी आवळलेली स्लीव्ह रात्री पंधरा अंशांनी थंड होऊन आक्रसत असेल का? हिशेब केला. ॲल्युमिनिअमपेक्षा प्लास्टिक बरंच जास्त आक्रसतं हे खरं, पण १.७ मि.मी. जाडीत तो फरक ०.००३ मि.मी.पर्यंतही जात नाही. थंडी निर्दोष.

चीर

चौथ्या वेळी टेपर ८ अंशांचा करून घेतला. वाटलं, आता झालं. काट्यावर ९ किलो. तीन आकडी कष्ट करून तीन किलोंची कमाई.

सगळं पुन्हा उघडलं आणि स्लीव्ह खिडकीशी नेऊन नीट बघितली. चिरेच्या दोन्ही कडा चकचकीत झाल्या होत्या. चीर मी हॅक्सॉच्या पात्याने दिली होती, साधारण १ मि.मी. रुंद. आता हिशेब बघा. स्लीव्हचं भोक नळीपेक्षा ०.२ मि.मी. मोठं. त्यात नळी पूर्ण गोल नाही (त्याबद्दल पुढे), त्याचे आणखी ०.१४. म्हणजे नळीला सगळीकडून धरायचं तर स्लीव्हचा व्यास ०.३४ मि.मी.ने कमी व्हायला हवा, आणि तिचा परीघ त्याच्या ३.१४ पट, म्हणजे १.०७ मि.मी.ने. माझी चीर १ मि.मी.ची! पूर्ण पकड येण्याच्या ऐन आधी चिरेच्या कडा एकमेकींना भिडत होत्या. तिथून पुढे स्लीव्ह ही स्लीव्ह राहत नव्हती, ती अखंड कडी होत होती. मी जीव खाऊन आवळत होते, ती सगळी ताकद चिरेच्या दोन कडा एकमेकींवर दाबण्यात जात होती.

चीर २.५ मि.मी. केली. त्याशिवाय वरच्या कडेकडून तीन आणि खालच्या कडेकडून तीन अशा अर्धवट चिरा, एकाआड एक, म्हणजे स्लीव्ह दोन्ही टोकांना सारखी आकसते. भोक २५.५ चं. बाकी नट, कॉलर, नळी सगळं तेच. काट्यावर २३ किलो.

खरं सांगते, त्या दिवशी मी तो आकडा चार वेळा वाचला.

तुमची स्लीव्ह काढा आणि चिरेच्या कडा बघा. त्या घासून चमकत असतील, तर बाकी काही करण्याआधी चीर रुंद करा. कानशीने दहा मिनिटांचं काम आहे.

नळी गोल आहे का?

ज्यांच्या लेथवर हे सगळं होतं, ते काका मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "ताई, पाईप फिरवून फिरवून मोजलाय का?" मी एकदाच मोजला होता. नंतर व्हर्निअर लावून पाईप नव्वद अंश फिरवला, तर एकीकडे २५.४२ आणि दुसरीकडे २५.२८. दुकानात किलोवर मिळणारा पाईप दारं-खिडक्यांसाठी असतो. त्या कामाला एवढा फरक चालतो, आपल्याला नाही. लंबगोल नळी आत-बाहेर करताना जराशी फिरली की स्लीव्हची पकड बदलते. त्यामुळेच तोच सांधा आज १५ किलो धरतो आणि उद्या ९ ला बसतो. पकडीत असा चढउतार दिसला तर नळीवर संशय घ्या. पाईप घ्यायला जाताना व्हर्निअर घेऊन जा, दोन्ही टोकांना आणि मधे फिरवून मोजा. दुकानदार वैतागतील, तरी मोजा.

पावसाळ्यात अडकतो, उन्हाळ्यात डुगडुगतो

ही तक्रार मी इतरांकडूनही ऐकली आहे, आणि तिचं उत्तर जवळजवळ नेहमी एकच निघतं: नायलॉन. नायलॉन हवेतला ओलावा शोषतं आणि फुगतं. वरचं बूश मी आधी नायलॉनचं, २८.६ मि.मी.चं केलं होतं. बाहेरच्या नळीच्या आतला व्यास २८.७५. मधे ०.१५ ची सूट. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या हवेत नायलॉन अर्धा टक्का वाढलं असं धरलं, तरी ०.१४ मि.मी. त्यातच गेले. नळी किंचित लंबगोल, की बूश अडकलंच. मग माणूस काय करतो? बूश घासून बारीक करतो. एप्रिलमध्ये तेच बूश वाळून आकसतं आणि पाय डुगडुगायला लागतो.

डेल्रिन वापरा. लेथवाल्यांकडे याच नावाने मिळतं. ते पाणी फारच कमी पितं, आणि कापताना आकारही नेमका येतो. नायलॉनच वापरायचं असेल, तर वरच्या बुशालाही मिलिमीटरभर चीर द्या, म्हणजे फुगलं तरी वाढ चिरेत जाईल. स्लीव्ह मात्र डेल्रिनचीच हवी.

प्लास्टिकची आणखी एक सवय आहे. सतत दाबाखाली ठेवलं की ते त्या आकारात बसतं आणि ताण सोडून देतं. घरी ठेवताना नट आवळून ठेवू नका, सैल करून ठेवा. रात्रीच्या मोठ्या कामाला नट आवळल्यावर पाच-दहा मिनिटांनी पुन्हा एकदा फिरवून घ्या. दुसऱ्या वेळी तो थोडा फिरतो, हे तुमच्याही लक्षात येईल.

उंचीचा हव्यास

आतली नळी शक्य तितकी बाहेर काढून चार इंच उंची जास्त मिळवावी, हा मोह सगळ्यांना होतो. वरचं बूश आणि स्लीव्ह यांच्यात किती अंतर उरतं, त्यावर डुगडुग ठरते. समजा बुशात ०.२ मि.मी. सैलपणा आहे आणि खाली ४०० मि.मी. नळी बाहेर आहे. आत ७० मि.मी. राहिली, तर टोकाला सव्वा मिलिमीटरहून कमी हालचाल. आत ४० च ठेवली, तर पूर्ण २ मि.मी. शिवाय नळी तिरकी झाली की स्लीव्ह तिला फक्त कडांवर धरते, म्हणजे डुगडुगीबरोबर सरकणंही आलं. मी नियम केलाय, नळीच्या व्यासाच्या पावणेतीन पट आत राहिलीच पाहिजे. एक इंची नळी ७० मि.मी. आत. बूश त्या बेताने लावा, म्हणजे नळी त्यापुढे बाहेर येणारच नाही.

जाड नळी आधी उघडा. पाऊण इंची नळी सव्वा इंचीपेक्षा वाकण्यात पाचपट कमकुवत आहे (जाडी तीच असताना). खालची आत ठेवून वरची पूर्ण उघडणं केव्हाही बरं.

विकतच्या ट्रायपॉडबद्दल दोनच गोष्टी. खटक्याचे लॉक असतील, तर तिथे बहुधा एक छोटा स्क्रू असतो. ॲलन कीने पाव फेरा आवळून बघा, त्याहून जास्त एका वेळी नको, खटका तुटतो. फिरवायचे लॉक असतील आणि आतली नळी लॉकसोबत गरगर फिरत असेल, तर ती न फिरण्याची सोय त्यात नाही. अशा पायाचे लॉक वरून खाली या क्रमाने आवळायचे आणि खालून वर सोडायचे. उलट केलंत, तर आवळल्यासारखं वाटतं आणि आवळलेलं नसतं. माझ्या घरच्या पायातही तशी सोय नाही, मीही हाच क्रम पाळते.

नट-स्लीव्हची कटकट नकोच असेल, तर सव्वा इंची नळीच्या सांध्याला सायकलच्या सीटचा क्विक रिलीज क्लॅम्प बसतो. ३१.८ मि.मी.चा मागा. नळीच्या तोंडाला उभी चीर द्या, चिरेच्या शेवटी ३ मि.मी.चं भोक पाडा म्हणजे तडा पुढे जाणार नाही, आणि आत चीर दिलेलं डेल्रिनचं बूश. मी एका पायाला करून बघितलं. दिसायला ओबडधोबड आहे, पण हातमोजे घालूनही अंधारात उघडता येतं.

लेथवर देताना मी आता हा कागद देते: टेपर एका बाजूला ८ अंश. स्लीव्हचं भोक नळीच्या सगळ्यात मोठ्या मापापेक्षा ०.१ मि.मी. जास्त. पूर्ण चीर २.५ मि.मी., अर्धवट चिरा सहा. नट सोडताना स्लीव्हला खाली ओढून आणणारी एक कड नटाच्या आत हवीच, नाहीतर टेपर बसून राहतो. वरचं बूश आतल्या व्यासापेक्षा ०.१ ते ०.१५ मि.मी. कमी. आणि सोबत प्रत्यक्ष नळीचा तुकडा, कारण कागदावरचं माप आणि पाईपचं माप एक नसतं.

सध्या सहापैकी पाच सांधे २० किलोच्या वर धरतात. सहावा, तिसऱ्या पायाचा खालचा, १७ ला सरकतो. ती नळी बरीच लंबगोल आहे आणि स्लीव्हमध्ये आता काही सुधारण्यासारखं उरलेलं नाही. पाऊण इंचीचा गोल पाईप मिळेपर्यंत तो सांधा मी अर्धाच उघडते आणि तो पाय चढाच्या बाजूला ठेवते.